आफ्रिकेतला कुडू, बहात्तरचा बैल

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी, अर्धापूरहून कुणीतरी पाठवलेला केळीचा घड दोरीनं टांगत होतो. प्रज्ञा म्हणजे किसनची एकुलती एक मुलगी. लग्नानंतर दक्षिण आफ्रिकेत असते. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. "जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. शेजाऱ्यांनी कळवलं. मला यायला दोन दिवस लागतील, तुम्ही तोवर जा ना त्यांच्यापाशी..." मी हातातला घड तसाच खाली ठेवला आणि लातूरची एसटी धरली. दोन दिवस त्याच्यापाशी बसून होतो. तो बर्फावर, मी खुर्चीवर. येणारे-जाणारे विचारायचे, तुम्ही कोण? मी सांगायचो, गावचा मित्र. ते खरं होतं, पण पुरं नव्हतं.

याला आता पाच आठवडे झाले. डॉ. किसन निवृत्ती सोनकांबळे, निवृत्त पशुधन विकास अधिकारी, असं बातमीत छापून आलं होतं. आम्ही दोघंही गुरांचे डॉक्टर. आमचं गाव एकच, शिरूर अनंतपाळपासून थोडं आत. नाव लिहीत नाही. गावात आमचं घर मोठं, शेत मोठं आणि विहीर सगळ्यांत मोठी. किसनचं घर गावाबाहेरच्या वस्तीत. त्याच्या आज्यापर्यंत मेलेली ढोरं ओढायची, कातडी काढायची, हे काम गावानं त्या घरावर लादलेलं होतं. धर्मांतरानंतर काही वर्षांनी वस्तीनं ते सोडलं. सगळ्यात आधी सोडलं ते किसनच्या वडलांनी, निवृत्तीबाबांनी. त्यांनी आपल्या हातानं कातडी काढायची सुरी नदीच्या डोहात टाकली, असं किसन सांगायचा.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं सोळा वर्षांचे होतो, एकाच वर्गात. त्या उन्हाळ्यात रोज कुणाच्या तरी गोठ्यात जनावर मरायचं. ओढून न्यायला कुणी नाही. वास सुटायचा, कुत्री फिरायची. एक दिवस गावातली चार मोठी माणसं वस्तीवर गेली. त्यांत आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, पुढं होते. मी मागं उभा होतो.

"निवृत्ती, या साली तरी ओढा रे. सगळा गाव नासून चाललाय," अण्णा म्हणाले.

"न्हाई मालक. एकदा सोडलं ते सोडलं."

"मग पाणीबी सोडा म्हणावं लागंल."

"तुमची विहीर हाय," निवृत्तीबाबा म्हणाले. आवाज चढवला नाही की हात जोडले नाहीत.

गावात पाणी उरलं होतं ते फक्त आमच्या विहिरीला. ते वस्तीला बंद झालं. बायका घरणी नदीच्या कोरड्या पात्रात झरे उकरून वाटी-वाटीनं घागर भरायच्या, जाऊन-येऊन तीन कोस. किसनची आई तेव्हा पोटुशी होती, दिवस भरत आलेले. ती एकदा घागरीसकट वाटेत बसून राहिली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी रस्ता बदलून दुसरीकडून गेलो.

त्याच आठवड्यात आमचा ढवळ्या बैल गोठ्यातच मेला. दोन दिवस पडून राहिला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी मला बोलावलं. "तो किसन तुझ्या वर्गात हाय ना? त्याला सांग. बापाला कळू द्यायचं न्हाई. बैल न्यायचा, कातडं काढून आणून द्यायचं. रोज दोन घागरी पाणी देतो, त्याच्या आईपुरतं." आणि मी गेलो. मला ते वाईट वाटलं नव्हतं, हे इथं लिहायला पाहिजे. मला वाटलं होतं, मी किसनचं भलंच करतोय.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "दोन न्हाई, तीन घागरी," एवढंच म्हणाला.

दुपारची वेळ होती. निवृत्तीबाबा आणि वस्तीतली सगळी कर्ती माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. किसननं बैलाच्या पायांना दोर बांधला. आमच्या उरलेल्या दोन बैलांच्या मागं ते धूड ओढत नेलं. बैल हाकत होतो मी. ओढ्याच्या वळणाला मी थांबलो आणि पाठ फिरवून उभा राहिलो. लहानपणी आज्याजवळ बसून पाहिलं होतं, तेवढ्या आठवणीवर त्यानं ते कातडं काढलं. मला फक्त आवाज येत होता. आणि मधेच एकदा तो ओकल्याचा.

पुढं मॅट्रिक झालं, आणि काही वर्षांनी आम्ही दोघंही परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात पोचलो. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "गावात मी तुला गोविंदराव म्हणतो. इथं गोविंद म्हणणार. चालंल का?" मी हाव म्हणालो. तेव्हापासून शेवटपर्यंत आम्ही अरे-तुरेत राहिलो. लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा झाला त्या काळात आम्हाला नोकऱ्या लागल्या. नवं ऑफिस, भिंतींना ओल्या चुन्याचा वास, शिपायापासून साहेबापर्यंत सगळे नवे. वाटायचं, या नव्या जिल्ह्यात जुनं काही यायचं नाही. पण एका शवविच्छेदनाच्या वेळी आमचा एक वरिष्ठ हसत म्हणाला, "सोनकांबळे, कातडं तुम्हीच उतरवा. तुम्हाला काय, सवयच आहे." किसननं हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "साहेब, रोगाचं निदान मी करतो. बाकीचं ऑफिसनं बघावं." त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत तो जनावर फाडायचा, आतडी तपासायचा, नमुने घ्यायचा. कातडं मात्र कधीच उतरवलं नाही. का, ते मला ठाऊक होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. पुढं मी मुदखेडला बदलून गेलो. पोरांची लग्नं झाली, त्याची बायको गेली, माझा गुडघा गेला... बोलायचं राहूनच गेलं.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात प्रज्ञानं त्याला आफ्रिकेला बोलावलं. एकटा जाईना. "गोविंदला घेऊन येतो," म्हणाला. मग गेलो दोघं. तिकडं तेव्हा हिवाळा सुरू होत होता, आणि गंमत अशी की दुष्काळ तिकडंही होता. विमानातून खाली पाहून किसन म्हणाला, "अरे, हे तर आपल्याकडलंच दिसून राहिलं."

त्याचा जावई सचिन खाणीत इंजिनिअर. त्याचा एक ओळखीचा गोरा शेतकरी होता, पीटर नावाचा. त्याच्या शेतात गुरांऐवजी रानातली जनावरं. हजारो एकर कुंपण घातलेलं माळरान, त्यात इम्पाला, कुडू अशी हरणं आणि झेब्रे. तिकडं अशा शेतांवरची शिकार कायद्यानं चालते. पावसानं दगा दिल्यामुळं गवत उरलं नव्हतं. निम्मी जनावरं कमी केली नाहीत तर सगळीच उपाशी मरतील, म्हणून पीटर ओळखीच्यांना शिकारीला बोलवत होता. सचिननं आग्रह केला, नुसतं बघायला तरी चला. किसन म्हणाला, "जनावर मरताना लई पाह्यलं रे बाबा. बरं, चल."

सकाळी उघड्या जीपमधून निघालो. पुढं एलायस नावाचा माग काढणारा म्हातारा, आमच्याच वयाचा, काळा, वाळलेला. तासाभरानं कुडू दिसला. आपल्या निलगायीएवढा उंच, अंगावर पांढऱ्या उभ्या रेघा, पीळ पडलेली शिंगं. सचिननं गोळी झाडली. कुडू कमरेत वाकला आणि झुडपात शिरला. एलायस उतरला, आणि त्याच्या मागं, कुणी न सांगता, किसनही उतरला. जमिनीवरचे थेंब त्यानं बोटानं उचलले, वास घेतला. "पोटात लागली," तो सचिनला म्हणाला. "चारा आलाय रक्तात. हा लांब जाणार, लवकर मरणार न्हाई. चला."

चार तास चाललो. एलायस आणि किसन पुढं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, मोडक्या इंग्रजीवर काम चाललेलं. एक जण वाकून खूर दाखवायचा, दुसरा मान हलवायचा. मी गुडघा धरून मागं. शेवटी एका कोरड्या हौदापाशी तो सापडला. पाण्याच्या आशेनं आला असणार. हौदात पाणी नव्हतं. पुढचे पाय मोडून बसला होता, मान अजून ताठ. सचिननं बंदूक खाली केली. म्हणाला, मला नाही होणार. किसननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू सुरू केलंस ना? मग संपव. त्याला ताटकळत ठेवू नको." दुसरी गोळी सुटली. किसन पुढं गेला, डोळ्याच्या बुबुळाला बोट लावून पाहिलं आणि जरा वेळ तिथंच उकिडवा बसला.

शेतावर एक पत्र्याची शेड होती. तिथं कुडू टांगला. कातडं काढायचं काम एलायसचंच. पण त्याची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. सुरी दोनदा सुटली. पीटर घड्याळ पाहत होता. मला तो वास सोसेना, मी दाराकडं सरकलो. आणि तेवढ्यात किसननं स्वेटर काढला. बाह्या वर केल्या. एलायसपुढं हात पसरला आणि एलायसनं सुरी त्याच्या हातात दिली.

या वेळी मी पाठ फिरवली नाही. मांडीच्या आतून त्यानं रेघ घेतली, मग मूठ आत घालून कातडं मांसापासून सोडवत खाली आणलं. सुरी अगदी लागेल तिथंच. कुठं छेद नाही, कुठं मांसाचा तुकडा चिकटलेला नाही. चव्वेचाळीस वर्षांनी! एलायस खालून कातडं ताणून धरत होता. दोघं एका लयीत आले होते. काम संपलं तेव्हा एलायसनं विचारलं, कुणी शिकवलं?

"माय ग्रँडफादर," किसन म्हणाला. "दे मेड अस डू इट."

एलायस आपली वाकडी बोटं पुढं करून इंग्रजीतच म्हणाला, मलाही कुणी विचारलं नव्हतं.

पीटर खूश झाला होता. तो मला म्हणाला, तुमचा मित्र या कामासाठीच जन्मलाय. मी काही बोलायच्या आत किसन वळला. "नो सर," तो शांतपणे म्हणाला. "आय ॲम अ डॉक्टर. टुडे आय हेल्प्ड हिम."

संध्याकाळी पीटरच्या ओट्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. किसननं हात तीन-तीनदा धुतले होते, तरी हुंगून पाहत होता. मग म्हणाला, "बाबाला कळलं व्हतं, गोविंद."

मी त्याच्याकडं वळलो.

"त्या दिवशी खडी फोडून आला, माझ्या शेजारी जेवायला बसला. वास काय लपतो व्हय? काहीच बोलला न्हाई. तुमच्याकडल्या तीन घागरी यायला लागल्या. आई प्यायली, आम्ही पोरं प्यायलो. बाबा न्हाई. दुष्काळ हटेपर्यंत त्यानं स्वतःपुरता एक तांब्या रोज नदीवरनं आणला. दिवसभर दगड फोडून, तीन कोस. माझ्यासमोर प्यायचा. रागानं न्हाई रे... नुसताच प्यायचा. मी म्हणत व्हतो, एकदा तरी मारावं यानं मला."

"निरोप मीच आणला होता," मी म्हणालो. "किसन, मला माफ कर."

"लई उशीर केलास." तो माळाकडं वळला. "तू सोळाचा व्हतास, मीबी सोळाचा. माझ्यापुरतं मिटलं. पण बाबाचं गावात कुणाला ठाऊक न्हाई. लोक म्हणतात, निवृत्ती शेवटी पाण्यापायी वाकला. तू सांग गावात. तुमच्या घरच्या माणसानं सांगितलं तर ऐकतील."

सांगतो म्हणालो. परत आलो. आणि सांगितलं नाही. अण्णा हयात नव्हते, पण थोरले दादा होते, त्यांच्या तोंडावर कसं बोलायचं? पुढच्या उन्हाळ्यात, दिवाळीनंतर, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर... किसननं पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता सांगितलं. गावच्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, त्यात उभा राहिलो आणि बैलापासून तांब्यापर्यंत सगळं सांगितलं. दादा पहिल्या रांगेत होते. मधेच उठून गेले, ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत. वस्तीतल्या एका म्हातारीनं, किसनच्या चुलतीनं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "भाऊजी वाकले न्हाईत म्हणा की... हे किसनच्या कानानं ऐकलं असतं तर." मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी लातूरला त्याच्या घरी प्रज्ञाला सामान आवरायला मदत करत होतो. नोकरी संपल्यावरही किसन आसपासच्या लोकांची जनावरं फुकट बघायचा, त्यासाठी पुढची खोली मोकळी ठेवलेली. आम्ही पुस्तकं बांधत होतो, तर दारात एक बाई येऊन उभी राहिली, काखेत शेळी. शेळीचं पोट डाव्या अंगानं टम्म फुगलेलं. "डागदर हायेत का?"

मी म्हणालो, "न्हाईत. आणा इकडं, मी बघतो."

खुंटीवर त्याची पिशवी होती. मी ती उघडली. तेलाची बाटली, नळी, सुया, सगळं जिथल्या तिथं. मला शोधावं लागलंच नाही. मी खाली बसलो, गुडघा दुखला. नळी घातली, औषध पाजलं, शेळीचं पोट चोळत राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं ढेकर दिला आणि पाय झाडले. बाई उठली.

"उद्या येतील का डागदर? त्यांला दाखवते एकदा."

"उद्या मी हाय," मी म्हणालो. "उद्या आणा."