दालचिनीचं उघडं तेल

थप्पड बसली तेव्हा माझ्या हातात त्या मुलीचं मनगट होतं आणि ते मी सोडलं नाही. कान सुन्न झाला, डोळ्यांपुढं पांढरं झालं, तरी सोडलं नाही. एवढ्या एकाच गोष्टीचं मला अजून बरं वाटतं. बाकी त्या दुपारी जे झालं, ते माझ्यामुळंच झालं.

नाशिकच्या गंगापूर रोडला एका इमारतीच्या तळमजल्यावर ताई सुट्टीत वर्ग घेतात. दहा-बारा वर्षांच्या मुली घरच्या घरी अत्तर करायला शिकतात. मी तिथली मदतनीस. गाव किनवटकडं. शाळा सहावीतून सुटली; म्हणजे भावानं दप्तर चुलीत कोंबलं, मी ओढायला गेले तर कमरेचा पट्टा काढला. पुढं मोठी झाल्यावर एका सकाळी तो पट्टा पुन्हा निघाला आणि मी नाशिक गाठलं. ताईंनी दाखला मागितला नाही, कितवी शिकलीस तेही विचारलं नाही. ड्रॉपर हातात दिला आणि थेंब मोजायला शिकवलं.

दहा मिली बदाम तेलात लव्हेंडरचे दोन थेंब, तिसरा नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला टिपका लावून एक दिवस थांबायचं. खाज आली तर ते अत्तर आपलं नाही. निव्वळ अर्क अंगाला कधीच लावायचा नाही. चुकून लागलाच तर आधी साधं तेल लावून पुसून घ्यायचा, मग साबण, मग पाणी, कारण नुसत्या पाण्यानं तो निघत नाही. हे सगळं मी वहीत उतरवलं होतं. रोज निघताना कपाटाचं कुलूप तीनदा ओढून बघायचे. आपल्या हातून काही झालं तर परत किनवट, या भीतीनंच माझा दिवस उगवायचा.

त्या दिवशी ताई वर घरी जेवायला गेल्या होत्या. मुली विचारत होत्या, दालचिनीच्या तेलाचा वास कसा असतो. ते तेल जहाल, मुलींच्या कामाचं नाही, म्हणून वरच्या खणात असायचं. मी काढलं, कागदाच्या पट्टीवर एक थेंब घेऊन लांबूनच फिरवलं. आणि बोलता बोलता सांगून बसले की आमच्याकडं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाया मनगटाला अत्तर चोळायच्या, दोन दिवस वास जायचा नाही. मग भांडी विसळायला मोरीत गेले. बाटली टेबलावरच. टोपण शेजारी.

मागून खेळ सुरू झाला.

"या या वहिनी, बसा ना, घाई काय एवढी!"

"नको हो, सासूबाई वाट बघतायत."

"मरू दे सासूबाई! नाव घ्या आधी!"

मी मोरीत हसत होते. तेवढ्यात किंकाळी आली.

दोन वेण्या घालणारी एक मुलगी पहिली पाहुणी झाली होती. यजमानीणबाईंनी कापसाचा बोळा दालचिनीत बुडवून तिच्या मनगटावर चांगला खसाखसा चोळला होता. बाकीच्यांना ते नाटकच वाटलं. "ए नाटकी, पुरे!" कुणीतरी ओरडलं. तिनं यजमानणीच्या तोंडात भडकावली, यजमानणीनं तिची वेणी धरून डोकं टेबलावर आपटलं. मी दोघींना ओढून बाजूला केलं. मनगट लालभडक झालं होतं. बदाम तेलाचा वाडगा ओढला आणि बोटांनी लावायला लागले.

तिचे वडील बाहेर गाडीत बसले होते. ओरडा ऐकून धावत आत आले.

"अगं ए! भाजलंय तिला, पाणी सोडून तेल काय चोपडतेस? अडाणी कुठली!"

"साहेब, पाणी नको, आधी हे..."

तेव्हा ती थप्पड बसली. मग त्यांनी आम्हा दोघींना मोरीपर्यंत फरफटत नेलं, कारण मी मनगट सोडत नव्हते. माझी बोटं एकेक करून उलटी पिरगाळली, तिचा हात नळाखाली धरला. ती लाथा झाडायला लागली. "पप्पा, नको! जास्त आग होतेय!" पाणी मनगटावरून तळहातावर, बोटांवर ओघळत होतं. त्यांना काही सुचेना. त्यांनी स्टूल उचललं आणि टेबलावर हाणलं. आठ मुलींच्या आठ बाटल्या फुटल्या, काचा उडाल्या, मुली भिंतीला चिकटल्या.

त्यांचे हात स्टुलात गुंतले तेवढ्यात मी वाडगा तिच्या हातावर उपडा केला. कापसानं पुसलं, पुन्हा तेल, पुन्हा पुसलं, साबण लावला आणि मग नळ सोडला. किंचाळणं रडण्यावर आलं, रडणं हुंदक्यांवर.

"कमी झालं का गं?"

"थोडं."

ताई दारात येऊन उभ्या होत्या. कधी आल्या, कळलं नाही.

वडिलांच्या अंगातला राग मात्र तसाच होता, त्याला आता जागा हवी होती. ते लेकीकडं वळले. "बाटलीला हात लावायला कुणी सांगितलं होतं तुला?" त्यांनी हात उचलला. तिनं मान खांद्यांत ओढून घेतली आणि डोळे मिटले. तसं करायला एका दिवसात जमत नाही, हे मला माहीत आहे.

मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. मुलींना तर वाटत होतं, बाटली आपणच चोरून घेतली.

"तिनं नाही," मी म्हणाले. "बाटली मी उघडी ठेवली. हळदीकुंकवाचंही मीच सांगितलं."

हे मी त्यांना म्हणाले, पण बघत ताईंकडं होते. त्यामुळं दुसरी थप्पड येताना दिसली नाही. ओठ फुटला. तिसरीला ताईंनी त्यांचं मनगट पकडलं.

"बास! माझ्या माणसावर हात टाकायचा नाही."

"असली अडाणी माणसं ठेवता कशाला?"

"तुमच्या मुलीच्या हाताला काय करायचं ते या खोलीत हिलाच माहीत होतं. आता आधी डॉक्टर."

डॉक्टरांनी सांगितलं, कातडी सोलून निघेल, डाग जाईल. ताई दवाखान्यातून परतल्या तेव्हा माझी पिशवी भरून झाली होती. त्यांनी कपाटाचं दार असं आपटलं की वरचा खण हलला.

"उघडी? दालचिनी? अगं, डोळ्यात गेलं असतं म्हणजे?"

मी पिशवीचा बंद आवळला.

"आणि ही पिशवी कसली? सकाळी नऊला यायचं. काचा वेचायच्यात. आणि मुली आल्या की तुझं काय चुकलं ते त्यांना तूच सांगायचं, मी नाही."

दुसऱ्या दिवशी पाचच मुली आल्या. ती नव्हती. माझा ओठ सुजलेला, शब्द नीट फुटत नव्हते. एकीनं पाणी आणून दिलं. मी रिकामी बाटली हातात धरली, टोपण बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "काल मी हे असं ठेवून मोरीत गेले."