पाण्याखालच्या माहेरावरून

छत्रपती संभाजीनगरहून पैठणची एसटी सुटली तेव्हा दुपार कलली होती. बिडकीनच्या कारखान्यांचे पत्रे मागे पडले, मग वेचून संपलेली कपाशी आणि मोसंबीच्या बागा लागल्या. आम्हा सांगलीकरांची नदी दोन काठांत मावते. इथली गोदावरी जायकवाडीच्या धरणाला टेकून अशी पसरलीय की पलीकडचा काठच दिसत नाही, असं ऐकून होते. जानेवारीत त्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. ते पाहायचे, एवढाच बेत.

शहरात मी पुंडलिकनगरला मैत्रिणीकडे उतरले होते. तिच्या दारी मासे घेऊन येणारा बाळू म्हणाला होता, "पक्षी बघाया हॉटेलात कामून राहता ताई? आमच्या वस्तीवर चला. दारात येतात."

पैठणच्या अलीकडच्या फाट्यावर तो उभाच होता. वस्तीला जमिनीवरून वाट आहे, पण फार वळशाची, त्यामुळे माणसं होडीनेच ये-जा करतात. आम्ही निघालो तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. वल्ह्याच्या प्रत्येक फटकाऱ्याला केशरी तुकडे उडत आणि पुन्हा जुळत. कुठे पाणी संपतं आणि कुठे आभाळ सुरू होतं ते कळेना. विचारावंसंही वाटेना.

बाळूचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे जाळी वाळत घातलेला ओटा. आई सुमनबाई, बायको संगीता आणि संगीताच्या पदराआडून मला न्याहाळणारी लहानगी मुलगी. संगीताचे दिवस भरत आले होते. येसर (भाजलेल्या धान्या-मसाल्यांचं पीठ) लावलेलं माशाचं कालवण आणि चुलीवरची बाजरीची भाकरी. तिखटाने माझे डोळे भरून आले, तशी संगीता हसली आणि मीठ लावलेला कांदा पुढे सरकवला.

जेवताना मी सहज विचारलं, "दवाखान्यात नाव घातलंय ना?"

"नाव घातलंय," सुमनबाई म्हणाल्या. "तपासायला बी जाती. पण बाळंतपणाचं काढलं की पाठ फिरवती."

मला नवल वाटलं. जुनी माणसं घर धरून बसतात आणि तरुण सुनेला दवाखाना हवा असतो, अशी माझी समजूत. इथे उलटंच होतं.

भांडी विसळताना मी संगीताजवळ बसले. तिने आपणहून सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी असताना झालं, शहरातल्या एका दवाखान्यात. आईला दारातच थांबवलं. आत सगळ्या अनोळखी. कळा आल्या की कुणीतरी ओरडायचं, "गप पड, आवाज करू नको."

"माय भिंतीपलीकडं व्हती ताई. तिचा खोकला मला ऐकू यायचा. म्या हाक मारायची, पण तिला आत येता यायचं नाय." तिने परात उपडी घातली. "इथं वस्तीत सखूआत्या बाळंतपणं करती. सासूबाई जवळ राहतील. पाणी दिसंल. मला तिथं परत एकटं नाय पडायचं."

सल्ला ओठांवर होता, पण त्या खोकल्यापुढे तो मांडवेना.

सकाळी बाळूने मला धुक्यात नेलं. पाण्यावर दुधासारखी साय आली होती. आधी नुसता आवाज ऐकू आला, कुणीतरी दूर घोळक्याने कुजबुजावं तसा. मग धुकं जरा विरळ झालं आणि उथळ पाण्यात गुलाबी रेघ दिसली. रोहित! माना खाली घालून पाणी गाळत सगळे एका लयीत सरकत होते. एक-दोन उडाले की पंखांखालचा लाल रंग पेटे आणि विझे. मी दुर्बीण डोळ्यांना लावायची विसरले.

परतलो तर ओट्यावर कुणी नव्हतं. आत संगीता भिंतीला दोन्ही हात लावून उभी होती. कळा सुरू झाल्या होत्या.

"होडी लाव बाळू," सुमनबाई म्हणाल्या.

"म्या नाय जायची."

"संगे, ऐक."

"सखूआत्याला बोलवा."

सुमनबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. आवाज चढला नाही त्यांचा. "सखूच व्हती तवा. ह्याच खोलीत. माझी लेक शालू बाळंतपणाला आली व्हती. लेकरू झालं, चांगलं रडलं. मग रगत थांबंना. सखूनं लई केलं. होडी गेली व्हती बाजाराला. तिचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं, अन् हात गार पडत गेले. एकटी नव्हती ती, संगे. माय जवळ असूनबी गेली."

संगीताने भिंतीवरचे हात काढले. शालू गेली हे तिला ठाऊक असणार, पण इतकं सगळं तिने पहिल्यांदाच ऐकलं असावं. बाळू दारात मान खाली घालून उभा होता.

पुढची कळ येऊन गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही आत येताल?"

"येते."

"आडवलं तर?"

"तर तुझ्यासंगं माघारी येते. शब्द हाय माझा."

बाळूने फोन करून रुग्णवाहिका फाट्यावर बोलावली. मुलीला सखूआत्याकडे सोपवलं आणि आम्ही होडीत बसलो. धुकं अजून उठलं नव्हतं. काठ पुसला गेला, वस्ती पुसली गेली, उरला वल्ह्याचा आवाज आणि संगीताचा श्वास. सुमनबाईंनी तिला छातीशी टेकवून धरलं होतं. मध्येच त्या पाण्याकडे बोट करून हळूच म्हणाल्या, "इथं खाली माझं माहेर हाय. धरण झालं तवा गाव बुडालं. त्याच घरात जन्मले म्या."

संगीताने डोळे उघडले. "दिसतं का?"

"पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो कधी कधी."

दोघी पाण्यात पाहत राहिल्या. मीही वाकून पाहिलं. हिरवट अंधार होता, त्यात धुक्याचंच प्रतिबिंब. तरी मला वाटलं, खाली कुणाच्या तरी अंगणात चूल पेटलीय. मग पुढची कळ आली आणि बाळूने वल्ही जोरात मारली.

पैठणच्या दवाखान्याच्या दाराशी सुमनबाईंनी पदर खोचला. भांडायच्या तयारीनेच त्या निघाल्या होत्या. प्रसूतीच्या खोलीतून एक नर्स बाहेर आली, दमलेली, केस विस्कटलेले. सुमनबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "मी आत येणार. सून एकटी राहणार नाय. नाय म्हणत असाल तर आम्ही माघारी जातो."

नर्सने त्यांच्याकडे पाहिलं. "या की. एक बाई चालते आत. चपला इथं काढा, हात धुवा."

सुमनबाई जागच्या हलेनात. "चालती?"

"चालते मावशी. विचारायचं ना आधी!"

संगीताने सासूकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला अजून नेमकं सांगता येत नाही. हसू होतं, आणि रडूही. दोघी आत गेल्या. चपलांचा जोड दाराशी राहिला.

दुपारी मुलगी झाली. सुमनबाई बाहेर आल्या तेव्हा मनगटावर नखांचे लाल व्रण होते. बाळूला आधी तेच दाखवले. "लई घट्ट धरलं व्हतं पोरीनं." मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून शालूचं नाव घेऊन रडल्या. बाळू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आतून नव्या मुलीचं रडणं येत होतं.

संध्याकाळच्या एसटीने मी परत निघाले. मोसंबीच्या बागा आता अंधूक होत चालल्या होत्या. बायका घरी का बाळंत होतात, याची उत्तरं माझ्याकडे तयार होती: गरिबी, अंतर, अडाणीपणा. अंतर खरंच होतं, ते मी होडीतून पार केलं होतं. पण संगीताला अडवलं होतं एका बंद दाराने. दार उघडलं होतं, पण ती बातमी पाण्यापलीकडे पोचलीच नव्हती.

ढोरकीनला एक बाई चढल्या, सोबत पोट पुढे आलेली लेक. जागा करून मी लेकीला खिडकीशी बसवलं. कितवा महिना, माहेरी चाललात का, अशी विचारपूस झाली. मग मी म्हटलं, "दवाखान्यात बाळंतपणाला एक बाई आत चालते हो काही ठिकाणी. आधीच विचारून ठेवा."

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. "आत? जवळ बसू देतात?"

"आजच पाहिलं मी. सासू होती जवळ."

मग लेकीचा हात मांडीवर ओढून घेत म्हणाल्या, "ऐकलंस का गं?"

लेक खिडकीबाहेर पाहत होती. तिने नुसतंच डोकं आईच्या खांद्यावर टेकवलं.