तोफेचं राहिलेलं कडवं

तोफ गाणं म्हणायच्या आधी काहीतरी बडवायची. हाताशी पिठाचा स्टीलचा डबा असेल तर डबा, नाहीतर भिंत, नाहीतर माझी पाठ. डब्याला तिच्या हातांनी पोचे पडले होते. पाठीवर ताल धरला की मला खोकला यायचा. "हालू नको बारके, ताल चुकते," म्हणायची. मग मी हलायची नाही. कात्रजला आमच्या गल्लीत सगळे तिला तोफ म्हणत, अगदी तोंडावर. तिला ते आवडायचं.

ती वर्ध्याकडची. लग्न होऊन पुण्याला आली. सकाळी एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची आणि लाटता लाटता गाणी रचायची. शब्द तिचे, चालही तिची. शिकवलं कुणीच नव्हतं. तिच्या प्रत्येक गाण्यात कुणीतरी कुणाला तरी मारत असायचं. मुकादम मजुराला, सासू सुनेला, नवरा बायकोला. कधी बायको उलटून नवऱ्याला. मी एकदा भीत भीत म्हटलं, "ताई, एखादं चांदण्याचं करा ना." तर म्हणाली, "काहून? चांदणं पडलं म्हणून मारायचे थांबतात का लोकं?"

माझ्या आवाजाचा तिला फार राग. भाजीवाल्याला मी दोनदा विचारलं तरी त्याला ऐकू जात नसे. ती मागून यायची. "तू बोलतेस का नुसता श्वास घेतेस वं? आवाज पोटातून काढायचा. गळ्यातला आवाज ओट्यापलीकडं जात नाही." आणि मूठ वळून माझ्या पोटात खुपसायची. "इथून. काढ!" दुखायचं. भाजीवाला हसायचा. मी तरी हळूच म्हणायची, "पाव किलो गवार."

नवरात्रात गल्लीतल्या मांडवात तिला एक गाणं म्हणू दिलं. दुसऱ्या कडव्याला मंडळाच्या एका पोरानं तिच्या हातातला माईक ओढला, कारण त्याला डीजे लावायचा होता. तोफेनं माईक सोडला नाही. तोच त्याच्या कपाळावर हाणला. माईक चालू होता. ठप्प असा आवाज स्पीकरमधून गल्लीभर गेला. पोराच्या भुवईतून रक्त आलं. तोफेनं त्या ठप्पवरच ताल पकडला आणि उरलेलं गाणं संपवून खाली उतरली. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, नारायण पेठेतून मुलाकडे राहायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "कार्यक्रम उत्तम झाला. पुढच्या वर्षी श्रोत्यांनी हेल्मेट घालून यावं, एवढी सूचना फळ्यावर लावा."

लोक हसले. तिचा नवरा हसला नाही. दुसऱ्या दिवशी तिचा डावा डोळा उघडत नव्हता.

नवरा टेम्पो चालवायचा. तिची गाणी आपल्यावरच आहेत असं त्याला वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं. तो मारायचा. तीही मारायची. त्याच्या दंडावर तिच्या दातांचे वण होते. पण त्याची ताकद जास्त होती, त्यामुळे हिशेब कधी बरोबरीत सुटायचा नाही. मी एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही गाणं बंद केलं तर?" ती म्हणाली, "मग तो काय मारायचं बंद करेल का? मार हायेच. गाणं तेवढं माह्यं हाय."

तिला एक रेकॉर्डिंग हवं होतं. एका गायनाच्या कार्यक्रमासाठी मोबाईलवर गाणं पाठवायचं होतं. निवडलं तर मोठ्या स्टेजवर वाद्यांबरोबर गायला मिळणार होतं. अट एवढीच, की गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग हवं आणि मागे दुसरा आवाज नको. तिच्या घरात ते होणं शक्य नव्हतं. माझ्या घरात होतं. मी गोधड्या शिवते. लोक जुन्या साड्या आणून देतात, त्यामुळे आमच्या एका खोलीत छतापर्यंत कापड. माझे यजमान खराडीला एका ऑफिसच्या गेटवर कामाला, दिवसभर बाहेर. आम्ही दुपारी खिडकीवर दोन गोधड्या खिळ्यांनी ठोकायचो, दारावर एक जाड गोधडी सोडायचो आणि पंखा बंद करायचो. तिचा मोबाईल उपड्या पातेल्यावर. मग अशी शांतता व्हायची की माझंच काळीज मला ऐकू यायचं. तोफ घामानं निथळत गायची. मध्येच मला शिंक आली तर डबा माझ्या अंगावर यायचा. तो मी झेलून परत द्यायची.

ते गाणं असं होतं:

हात उगारून उभा तू, हात भरून येऊ दे
कडवं माझं चाललंय, आधी पुरं होऊ दे

पुढे तीन कडवी. प्रत्येक वेळी कुठेतरी शब्द अडकायचा, नाहीतर खोकला यायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

एक गोष्ट आमच्या दोघींच्याही ध्यानात आली नाही. तिच्या नवऱ्याचा टेम्पो गल्लीत मागे घेताना एक धून वाजायची. ती ऐकली की तोफ जिथे असेल तिथून घरी पळायची, चहा ठेवायची. रोजचं होतं. पण आम्ही आवाज आत येऊ नये म्हणून एवढी मेहनत केली, त्यात ती धूनही बाहेरच राहिली. आणि दारावर जाड गोधडी असली की कडी बसत नसे. दार नुसतं लोटलेलं असायचं.

त्या दिवशी गाणं फार छान लागलं होतं. दोन कडवी बिनचूक झाली. तिसरं सुरू झालं आणि दारावरची गोधडी आत फुगली. तो गोधडीसकट आत आला. तिनं त्याला पाहिलं. थांबली नाही. डबा वाजवत, त्याच्या डोळ्यांत बघत गात राहिली. त्यानं डबा हिसकावला आणि तोच तिच्या तोंडावर मारला. पुन्हा मारला. दात माझ्या पायाशी येऊन पडला. तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला, त्यानं वेणी धरून तिला खाली पाडलं आणि गळ्यावर गुडघा दिला. "गा आता," म्हणाला. "गा ना. म्हण."

मी म्हणत होते, "सोडा, अहो सोडा तिला." त्यानं वळूनही पाहिलं नाही. मी ओरडले असं मला वाटलं, पण आवाज गोधड्यांत जिरला. एवढ्या वर्षांच्या माझ्याच टाक्यांनी तो गिळून टाकला. बाहेर, भिंतीपलीकडे, पिठाच्या गिरणीवर माणसं होती. तोफेच्या टाचा फरशीवर घासत होत्या, मग हळू झाल्या.

मी मधे पडले, त्यानं कोपरानं मला भिंतीवर फेकलं. तिथेच खिडकी होती. मी दोन्ही हातांनी गोधडी ओढली. खिळे निघाले, बोट फाटलं. उजेड आला. मी स्वतःच्या पोटात मूठ खुपसली, जिथे ती खुपसायची तिथे, आणि ओरडले. "मारतोय हो! मारून टाकतोय तिला! या!"

गिरणीचा पट्टा थांबला. पिठानं पांढरी झालेली माणसं धावत आली. त्यांनी त्याला ओढून काढला आणि गल्लीत असा मारला की पोलिसांना त्यालाही दवाखान्यात न्यावं लागलं. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

तोफ वाचली. पण गळ्यातलं काहीतरी कायमचं चिरडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, बोलता येईल, गाता येणार नाही. मी दवाखान्यात जेवणाचा डबा घेऊन गेले, तर तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. चाळणीतून कोंडा पडावा तसा आवाज. "मोबाईल चालूच होता वं," म्हणाली. "ऐकलं मी. तुह्या ओरडण्यानं माह्या बाजूच्या खाटेवरल्या बाईचे कान किटले. पण पट्टी बरोबर होती." हसायला गेली आणि ओठाचा टाका उसवला. रक्त पुसत म्हणाली, "कडवं तेवढं राह्यलं."

नवरा तुरुंगात गेला. तिचा भाऊ तिला न्यायला आला. रिक्षात बसताना तिनं पोचे पडलेला तो डबा माझ्या हातात दिला. माझ्या पाठीवर एक जोराची थाप मारली, तालात. मी हलले नाही.

आता ती वर्ध्याहून मोबाईलवर गाणी पाठवते. शब्द त्या कोंड्याच्या आवाजात सांगते, चाल टिचक्यांनी दाखवते. गायचं मी. माझा सूर हलतो, ती शिव्या देते, मी पुन्हा म्हणते. पहिलं म्हटलं ते तिसरं कडवं. ते शेवटपर्यंत म्हटलं.

म्हणताना मी खिडकीला गोधडी लावत नाही. दारही उघडं ठेवते. मागे गिरणी ऐकू येते, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी येते. असलं गाणं कुठेच निवडलं जाणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. परवा शेवटच्या ओळीला गिरणीवाल्यानं पट्टा बंद करून विचारलं, "वहिनी, ठीक आहे ना सगळं?"

"ठीक आहे," मी आतूनच ओरडून सांगितलं. त्याला ऐकू गेलं.