गणपतीनंतरची तारीख

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात कॉफीचं झाड कुणी पाहिलेलं नव्हतं, सगळे चहा पिणारे. पण दक्षिणेकडच्या डोंगरातल्या लहान कॉफी शेतकऱ्यांना फळं कशी तोडायची, कशी वाळवायची, हे शिकवणारे वर्ग आखायचं काम आमच्याकडे होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वाचून, विचारून मी वर्ग भाद्रपदात ठेवला. तेव्हा फळं हिरवी असतात, माणसांचे हात जरा मोकळे असतात.

पण ऑफिस सगळं कोकणातलं. गणपतीत अर्धी माणसं गावी, उरलेली घरच्या आरतीत. पुढं नवरात्र, दिवाळी होतीच, म्हणून साहेबांनी तारीख सरळ डिसेंबरात ढकलली. मी म्हटलं, अहो, तेव्हा ऐन तोडणी असते. ते हसून म्हणाले, "तुला काय गं, तुमच्याकडे गणपती नसतो ना." आम्ही बौद्ध. डोकं असं सणकलं! पण माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. नव्या तारखेची पत्रं मीच टाकली.

डिसेंबरात शेतकरी अंधेरीला आले. ऑफिसचं बोलावणं म्हणजे त्यांना हुकूमच. त्यांच्यात एक बाई होती, माहेर बेळगावकडचं, म्हणून मराठी बोलायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, मळ्यात सासू एकटी. पिकलेलं फळ झाडावर थांबत नाही, गळतं, आणि गळलेल्याला भाव नाही. तिची वर्षाची मिळकत तेवढीच. आणि तिच्यापुढे उभी राहून मी फळ्यावर लिहीत होते, फळ पिकलं की लगेच तोडावं. ती बिचारी मान डोलवत होती. तोंड कुठं लपवू असं मला झालं.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात ती माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "ताई, तारीख का पुढं गेली? कुणाचं काही बरंवाईट झालं का?"

तसं काही असल्याशिवाय तोडणीच्या दिवसांत कुणी बोलावणार नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. आमची माणसं मोदक खायला गेली होती, हे कुठल्या तोंडानं सांगू? मी "हो" म्हणाले.

तिनं माझे हात धरले. कोण गेलं, ते विचारलंसुद्धा नाही.

"फळं काय, पुढल्या वर्षी पुन्हा लागतील," ती म्हणाली. "तुमचं माणूस नाही ना परत यायचं."

मला रडू फुटलं. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, मी त्या गेलेल्या माणसासाठीच रडतेय.