केसभर फट

नळीमास्तरांचा हात सत्तावीस वर्षांत कधी चुकला नव्हता, आणि हे तेच सगळ्यांना ऐकवत असत. काम तसं सोपं. बांधकामाच्या नव्या सामानाचा बशीएवढा गोल तुकडा कापायचा, लोखंडी नळीच्या एका टोकाशी बसवायचा, दुसऱ्या टोकाकडून आवाज सोडायचा आणि तुकड्याने किती आवाज गिळला ते यंत्रावर वाचायचं. तुकडा घट्ट बसला पाहिजे. कडेला केसभर फट राहिली की आवाज तिथेच जिरतो आणि श्रेय तुकड्याला फुकट मिळतं. यावरून मास्तरांनी निम्म्या प्रयोगशाळेला फैलावर घेतलं होतं.

पेंढा आणि जुन्या कापडाच्या लगद्याचा तक्ता आला, त्या दिवशी मात्र घात झाला. तो बनवणाऱ्या बाईंनी नमुना एकच धाडला होता. साहेब पाहुण्यांना घेऊन पाठीशी उभे, मास्तर ऐटीत बोलतायत, आणि बोलता बोलता पातं घसरलं. तुकडा नळीत सैल बसला. बोटांना लगेच कळलं. "हात चुकला, दुसरा नमुना मागवा." पाच शब्द! पण चारचौघांत ते तोंडातून फुटेनात. आकडा झकास आला. पाहुण्यांनी माना डोलावल्या, मास्तरांनी अहवालावर सही ठोकली.

ते तक्ते एका शाळेच्या नव्या वर्गांच्या भिंतींना लागले. मास्तरांची लेक नेमकी तिथेच शिकवायची.

"बाबा, तुमच्या भिंती आल्या हं आमच्याकडे!" ती कौतुकाने म्हणाली, आणि मास्तरांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

महिन्याभरात तिचा आवाज बसला. वर्ग नुसता घुमायचा. मागच्या बाकांवरची पोरं "काय बाई? काय बाई?" करायची, ती ओरडायची, मग पोरंही ओरडायची. घरी आली की मिठाच्या गुळण्या. मास्तर स्वतः पाणी गरम करून पेला तिच्या हातात द्यायचे आणि तिच्याकडे न बघता खोलीबाहेर पडायचे. बापाची ही माया बघून बायकोला भरून यायचं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी त्यांनी तक्ता बनवणाऱ्या बाईंकडून गुपचूप दुसरा नमुना मागवला. जेवणाच्या सुट्टीत नीट कापला, घट्ट बसवला. आकडा निम्म्यावर आला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांना मान वर करवेना.

त्याच संध्याकाळी लेक कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बाबा, पुढच्या महिन्यापासून मी शिकवणार नाही. शाळेच्या ऑफिसातच बसेन."

"अगं, का?"

"हेडबाई म्हणत होत्या, भिंतींतच खोट असेल, परत तपासून घेऊ. मीच म्हटलं, शक्यच नाही, माझ्या बाबांनी तपासल्यात त्या. मलाच वर्ग सांभाळता येत नाही, दुसरं काय!"

मास्तरांनी सैल तुकडा, पाहुणे, सही, सगळं सांगून टाकलं. उद्या साहेबांना लेखी देतो, म्हणाले.

त्या बसलेल्या आवाजात लेकीने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

आजच, असं म्हणता आलं असतं. दुसरा तुकडा आजच कापला होता, खपूनही गेलं असतं.

"पहिल्या दिवशीच," मास्तर म्हणाले.

लेकीने हातातली घडी खाली ठेवली आणि एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं.