जमिनीवरचे शून्याचे चौकोन

या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे, पण आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. खरं सांगू? तुमचे निम्मे अनुभव वाचून मी हसलेय. भाजी निवडता निवडता वाचायचे, हसायचे, पुढं जायचे. असल्या भुताखेताच्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. पण गेल्या एप्रिलपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. ती एकटीनं बाळगायचा आता कंटाळा आलाय... म्हणून लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी माझं काम सांगते, कारण सगळं त्यातच आहे. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी सोलापुरातून, घरूनच काम करते. मोठ्या इमारतींना कुठल्या काचा लावायच्या, आतले ते पट्ट्यांचे पडदे असतात ना – ब्लाइंड्स – ते किती तिरके ठेवायचे, म्हणजे ऊन डोळ्यांवर येणार नाही पण खोलीत उजेड राहील... हे सगळं इमारत उभी राहायच्या आधी कॉम्प्युटरवर काढून द्यायचं. खोली काढायची, खिडकी काढायची, त्या गावाचा सूर्य घालायचा आणि रन लावायचा, म्हणजे हिशोब चालू करायचा. लाखो किरण काचेतून आत येतात, पट्ट्यांवर आपटतात, विखुरतात, भिंतीवरून परत जमिनीवर येतात. शेवटी जमिनीचे बारीक चौकोन पाडून प्रत्येकात किती उजेड पडला त्याचा आकडा मिळतो. बास. पंधरा वर्षं हेच करतेय.

आता आई. वय शहात्तर. बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि वैराग गावचं घर बंद करून ती माझ्याकडे आली. आम्ही जुळे सोलापूर भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. नवरा चिंचोळी एमआयडीसीत, सकाळी जातो तो दिवेलागणीला उगवतो. म्हणजे दिवसभर आई आणि मी. तिला पश्चिमेची खोली दिली, कारण बाथरूम त्या खोलीला लागून आहे.

आणि रोज दुपारी साडेचार वाजले की सुरू.

“आलं की गं ऊन... घे की बाजूला. लई तापलंय.”

मी पळत जायचे. पहिल्यांदा पलंग सरकवला. मग खिडकीला जाड चादर बांधली, तर म्हणे गुदमरतंय. मग माझ्याच धंद्यातले ब्लाइंड्स आणून बसवले. काही उपयोग नाही. साडेचारला हाक, मग रडणं, मग पलंगावरून उतरायची धडपड. एकदा तर ऑपरेशनचा पाय खाली सोडून उठायला निघाली होती! मी दारातून झेप घेतली म्हणून वाचली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता परत पडल्या तर काही खरं नाही.

मी दमले होते हो. ऑफिसचे कॉल नेमके त्याच वेळेला. रात्री तिला झोप नाही, म्हणून मला नाही. एके दिवशी ओरडले तिच्यावर. “कुठंय ऊन? दाखव मला! तुझ्या अंगावर एक किरण तरी पडलाय का?” ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

धाकटा भाऊ संजू पुण्याला असतो. त्याचा फोन आला, “ताई, तू मरशील अशानं. इथं म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगलं केंद्र आहे, नर्स असतात, सगळं बघतात. मी रविवारी गाडी घेऊन येतो.” मी बरं म्हटलं. आणि म्हटल्यावर मला हलकं वाटलं, हेही कबूल करते. आईला काही सांगितलं नव्हतं. ती तिथं परक्या माणसांत महिनाभर तरी टिकेल का, हा विचार मी मुद्दाम करत नव्हते.

बुधवारी मात्र वाटलं, लोकांच्या इमारतींसाठी जे करते ते आईच्या खोलीसाठी एकदा करून बघावं. निदान प्रयत्न केला असं तरी होईल. टेप घेऊन खोली मापली, खिडकी मापली, काच, पट्ट्यांची रुंदी, सगळं घातलं. सामान काही घातलं नाही. रिकामी खोली आणि एक पलंग. दोन-दोन इंचांचे चौकोन पाडले, जमिनीवर आणि पलंगावरही. वेळ साडेचार. रन लावला आणि चहा टाकायला गेले.

येऊन बघते तर पलंग सावलीत, अगदी हवा तसा. जमिनीवर उन्हाच्या पट्ट्या पडलेल्या. फक्त पलंग आणि खिडकीच्या मधोमध त्या पट्ट्या तुटलेल्या होत्या. चार चौकोन रुंद, दहा चौकोन लांब, म्हणजे आठ इंच बाय वीस इंच. तिथं काही ठेवलं असावं तशी भोक पडल्यासारखी जागा.

आमच्या कामात ही चूक नेहमीची. जुन्या प्रोजेक्टमधलं टेबल, खुर्ची लपवलेली राहून जाते. दिसत नाही, पण किरण अडवते. मी शोधलं. काहीच नाही. मग सगळी फाईल टाकून दिली आणि खोली पहिल्यापासून नव्यानं काढली.

परत तेच. चार बाय दहा.

मग मी आकडे उघडले. त्या चाळीस चौकोनांत उजेड कमी नव्हता. शून्य होता. असं होत नाही हो! सावली म्हणजे शून्य नसतं. टेबलाखालीसुद्धा भिंतीवरून विखुरलेला उजेड पोचतोच. शून्य कधी येतं, तर त्या जागेवर एखादी वस्तू टेकून ठेवली असेल तर. उठून आईच्या खोलीत गेले. साडेचार होऊन गेले होते, जमिनीवर खऱ्या उन्हाच्या पट्ट्या होत्या, अखंड. तिथं काहीही नव्हतं. आई त्याच जागेकडे बघत रडत होती.

गुरुवारी ऑफिसातल्या फरहानाला फाईल पाठवली. काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं तुझ्या मशीनवर रन करून बघ. तासाभरात तिचा मेसेज – “मॅम, पलंगाजवळ जमिनीवर काय ठेवलंय तुम्ही?”

शुक्रवारी सकाळी आईची वेणी घालत होते. पाठमोरी होती म्हणून विचारायला धीर झाला. “आई, तू रोज म्हणतेस बाजूला घे. कुणाला घ्यायचं गं?”

तिनं खिडकीखालच्या जमिनीकडे बघितलं. मग म्हणाली, “पोराला की.”

“संजूला?”

“न्हाय. तुज्या आदीचा.”

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. माझ्याआधी कुणी होतं हे मला त्या दिवशी कळलं. आई सांगत गेली, मी कंगवा हातात धरून बसले. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं पडलं. सगळ्या बायका म्हणाल्या, कावीळ हाय, कोवळ्या उन्हात ठेव. सकाळी ऊन यायचं ते मागच्या गोठ्यावर, म्हणून ती दुपार कलल्यावर पश्चिमेच्या खिडकीखाली त्याला ठेवायची. जमिनीवर गोधडीची घडी, त्यावर बाळ. त्या दिवशी ऊन काही कललं नव्हतं. उन्हाळा होता.

“म्हनलं जरा टेकावं. माजा डोळा लागला गं. उटले तर पोर तापून लाल झालेलं. दोन दिसांनी गेलं.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“म्हनाले, कावीळ डोक्यात गेली. उनानं न्हाय.” मग हळूच म्हणाली, “त्यांना काय ठावं? मी झोपले व्हते की.”

बारसंसुद्धा झालं नव्हतं. नाव नाही, फोटो नाही. पन्नास वर्षं बाई गप्प. आणि मी तिला ऊन दाखव म्हणून ओरडले होते.

त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली आणि चारलाच आईजवळ जाऊन बसले. साडेचारला पट्ट्या जमिनीवर सरकत आल्या. आईनं हाक मारली, “घे की बाजूला...” मी उठले. मूर्खासारखं वाटत होतं, दार लोटून घेतलं. त्या जागेशी वाकले आणि दोन्ही हात खाली घातले.

आई एकदम म्हणाली, “मान धर. मानंखाली हात घे.”

मी हात बदलला. हाताला काही लागलं नाही, खोटं कशाला सांगू. वजन नाही, ऊब नाही. तसेच हात सांभाळत पलंगाशी आले. “भिंतीकडं ठेव. सावलीला,” ती म्हणाली आणि स्वतः जरा सरकली. मी ठेवलं. तिनं पदर ओढून घेतला, तिकडं हात टाकला आणि झोपली. दिवे लागले तरी उठली नाही. मी खाली फरशीवर बसून इतकी रडले की नवरा आल्यावर घाबरला.

शनिवारी तीच फाईल परत लावली. एका आकड्यालाही हात लावला नव्हता. जमिनीवरच्या पट्ट्या अखंड आल्या, खिडकीपासून पलंगापर्यंत. सुटले बाई, असं वाटलं. मग पलंगाचे आकडे उघडले. भिंतीकडच्या बाजूला, आईची उशी असते त्याच्या जरा खाली... चार बाय दहा. शून्य.

रविवारी संजू गाडी घेऊन आला. साडेचारपर्यंत थांब म्हटलं, मग काय ते ठरव. तो दारात उभा राहून बघत होता. आई कुशीवर शांत झोपलेली. “ही तर झोपते की गं चांगली!” म्हणाला. मी म्हटलं, “हो. राहू दे तिला इथंच.” जेवून एकटाच परत गेला.

फरहाना म्हणते सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड असणार. असेलही. पण गडबड जमिनीवरून उचलून पलंगावर कशी ठेवता येते, हे मला कुणी सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी या कामातलं असेल तर फाईल पाठवते, बघा. मी मात्र त्यानंतर ती उघडलेली नाही.

आई माझ्याकडेच आहे. भिंतीकडची हातभर जागा सोडून झोपते. परवा संध्याकाळी जागी होऊन तिनं विचारलं, “ऊन उतरलं का गं?”

“हो आई, उतरलं.”

“मग जरा उगड की पट्ट्या. आता कोवळं हाय. पडू दे त्याच्या अंगावर.”

मी उठले आणि पट्ट्या उघडल्या.