आत्याचं दमलेलं भूत

कमळाआत्या गेली तेव्हा मी शाळेत आठवीच्या मुलांची हिंदीची चाचणी घेत होते. शिपायानं येऊन सांगितलं, घरून फोन आहे. मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन रिसीव्हर उचलला तर पलीकडे आमच्या शेजारच्या अलमेलू मामी. रडत नव्हत्या, धापा टाकत होत्या. "कमळा गेली ग. खुर्चीतच. डॉक्टर येऊन बघून गेले." मग मामी चाचरत म्हणाल्या, "टीव्ही चालू आहे. तिचीच मालिका लागलीय, सकाळी पुन्हा दाखवतात ना, तो भाग. बंद करू, की संपू दे?" आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी ही काय विचारायची गोष्ट झाली? पण मामी आत्याला चाळीस वर्षं ओळखत होत्या. भाग अर्ध्यावर बंद केलेला तिला चालत नसे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "संपू दे," मी म्हटलं. ऑटो करून घरी पोचले तेव्हा पडद्यावर कुठल्याशा साबणाची जाहिरात होती, आणि आत्याच्या कपाळावर मामींनी कुंकू लावलेलं होतं.

त्याला महिना झाला. या महिन्यात ही हकिगत मी इतक्या जणांना सांगितली, की आता ती मला पाठ झालीय. कुठे थांबायचं, कुठे हात वर करायचा, हेसुद्धा ठरून गेलंय. मी मूळची नाटकी; एकाचे चार करून सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही. पण खरं सांगू? दमलेय. समाचाराला येणारी माणसं कॉफी पितात, "छान मरण आलं," म्हणतात, आणि मी मान डोलावते. एकदा लिहून टाकलं तर निदान सांगायचं तरी थांबेल, म्हणून बसलेय. आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी बोलतो, ती तुम्हाला जुनी वाटेल आणि तिचा सूर तमिळ वाटेल. लिहितो मात्र तमिळमध्ये. मी हिंदी शिकवते, म्हणून मला देवनागरी येते, एवढंच. आत्याला ती वाचता येत नव्हती. हा लेख तिला वाचून दाखवावा लागला असता, आणि तिनं दर ओळीला चूक काढली असती.

कमळाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहायचो. निवृत्तीनंतर तिला एकच व्यसन लागलं, संध्याकाळी सातची मालिका. मालिका भुताची. नाव सांगत नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. आत्यानं तिचं नाव ठेवलं होतं 'किंकाळी'. "किंकाळी लागली ग, ये!" अशी हाक आली की मी वह्या तपासायच्या सोडून यायची. पहिल्या पर्वातलं भूत म्हणजे मराठेशाहीतली एक राणी. केस मोकळे, काजळाचे ओघळ, आणि मागून पंखा लावल्यासारखा वारा. राणी मराठी असल्यानं ती अधूनमधून मराठीत ओरडायची: "सोडणार नाही! कोणालाच सोडणार नाही!" एका भागात तीन किंकाळ्या ठरलेल्या. आत्या बोटं मोजायची, आणि तिसरी झाली की निवांत मुरुक्कू, म्हणजे आमची चकली, खायला घ्यायची. शेवटच्या भागात एका मांत्रिकानं राणीला तांब्याच्या हंड्यात कोंडलं, वर लाखेनं तोंड बंद केलं आणि हंडा कावेरीत भिरकावला. ढोल, आतषबाजी, समाप्त. मी टाळ्या वाजवल्या. आत्या लाल झाली होती. "आपल्या घरचं माणूस असं पाण्यात टाकतात? ती काय रद्दी आहे?"

दुसऱ्या दिवशी तिनं वाहिनीला पत्र लिहिलं. अकरा पानं, तमिळमध्ये, तक्रारींना क्रमांक घालून. तिसरी तक्रार, तेल लावल्याशिवाय या घरातली बाई मेल्यावरसुद्धा उंबरा ओलांडणार नाही. सातवी, आमची माणसं भेटल्यावर आधी 'जेवलास की?' विचारतात, धमकी मागाहून. ते पाकीट पेटीत टाकताना मी रस्त्यात एकटीच हसत होते. आणि तीन महिन्यांनी एके दुपारी दाराशी कोण, तर त्या मालिकेचा लेखक! सेल्वम नावाचा, चाळिशी उलटलेला, डोक्यावर केस कमी आणि कपाळावर घाम जास्त. आत्यानं त्याला उभाच ठेवला.

"पहिलं पर्व तुम्ही लिहिलंत?"

"हो अम्मा."

"लाज वाटली का?"

"थोडी वाटली अम्मा."

"मग बसा."

कॉफी येईपर्यंत तिनं त्याची उलटतपासणी चालवली. घरी कोण गेलंय? त्याची आई, दोन वर्षांपूर्वी. स्वप्नात येते? येते. "किंचाळते?" आत्यानं विचारलं. सेल्वमनं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "नाही अम्मा. पाण्याची मोटर बंद केलीस का, एवढंच विचारते..." आत्यानं मांडीवर अशी थाप मारली की माझ्या हातातली कॉफी सांडली. "हेच! हेच लिहा!" मी मध्ये तोंड घातलं, "आत्या, मोटर बंद करणाऱ्या भुताला कोण घाबरेल?" ती म्हणाली, "तू गप्प बस. तुला घाबरतात की अस्क मुलं, तेवढं पुरे." अस्क म्हणजे आमच्याकडे सगळं, सगळी.

दुसरं पर्व पहिल्याहून सरस का, असं मला अजून लोक विचारतात. आमच्या टाऊन बसचा कंडक्टरसुद्धा विचारतो. मी त्यांना आत्यानं काय काय काढून टाकलं ते सांगते. पंखा काढला. मांत्रिक काढला. राणीपणसुद्धा काढलं. "राणीला कोण विसरतं? तिच्या नावाचे दगड असतात," ती सेल्वमला फोनवर म्हणाली. तेव्हा असं ठरलं की राणी ही लोकांनी उठवलेली आवई. भूत होतं त्या घरातल्या एका बिनलग्नाच्या बहिणीचं. मेट्टूर धरणाचं पाणी सोडण्याआधी कालवा उपसताना हंडा सापडतो, शेतावरची माणसं तो धुऊन घरी आणतात, चिंच ठेवायला बरा म्हणून लाख फोडतात, आणि ती बाहेर येते. पहिल्या पर्वात असतं तर इथे छप्पर उडालं असतं. दुसऱ्यात ती उंबऱ्यावर बसते, पाय चोळते आणि म्हणते, "दमले ग बाई." बस्स. हे तीन शब्द गावभर झाले. ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, त्या भाजीवाल्या टोपली उतरवताना म्हणायला लागल्या, दमले ग बाई. पुढे ती घरभर हिंडून नळ बंद करायची, उघडं दूध झाकायची. घरातली माणसं एकमेकांना विचारायची, तू झाकलंस? तू? ... आणि कोणी घाबरायचं नाही. हळूहळू त्यांना तिची सवय व्हायची, आणि बघणाऱ्या आम्हालाही.

भुताचं काम करणारी नटी तमिळ. दर रविवारी सकाळी आत्या तिला फोनवर तासभर मराठी शिकवायची. एकदा मी दाराआड उभी राहून ऐकलं. आत्या सांगत होती, "ओरडू नको. ट्रंक कॉलवर माणसं ओरडायची, कारण त्यांना वाटायचं लांबच्याला ऐकू येत नाही. मेलेल्या माणसाला ठाऊकच असतं, आपलं कोणाला ऐकू येत नाही. मग तो कशाला घसा फोडेल?" मी मागे फिरले आणि उगाच भांडी आपटली.

त्या पर्वातला श्राद्धाचा भाग तुम्ही पाहिला असता तर बरं झालं असतं. घरात वर्षश्राद्ध आहे. बाप, आजा, पणजा, मग आई, आजी, पणजी... एकेक नाव घेतलं जातं, पानं वाढली जातात. ती माजघराच्या दारात उभी. प्रत्येक नावाला थोडी पुढे होते. नावं संपतात. तिचं येत नाही. तिला ना नवरा, ना मूल, कोणाच्या तीन पिढ्यांत ती बसणार? ती पदर खोचते, मागं जाते आणि विहिरीच्या कडेला बसते. संगीतसुद्धा नाही. हा प्रसंग आत्यानं शब्दन् शब्द सांगून लिहवून घेतला होता. आम्ही दोघी बघत होतो, जाहिराती लागल्या, आणि आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "माझं पान कोण वाढेल ग?"

मी काय करावं? उठले, पंचा डोक्यावर घेतला, कमरेत वाकून मुजरा केला आणि म्हटलं, "राणीसरकारांना सोन्याचं पान! पण मीठ कमी खायचं, बीपी आहे!" आत्या इतकी हसली की तिला खोकला आला. मी पाणी दिलं. मालिका पुन्हा सुरू झाली. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. मला प्रश्न कळला होता, हे इथे कबूल करते. उत्तर साधं होतं, दोन शब्दांचं. पण ते दिलं असतं तर ती मरणार आहे, हेही कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून मी सोंग आणलं. सोंग मला नेहमीच पटकन सापडतं.

शेवटच्या भागावरून तिचं वाहिनीशी भांडण झालं. त्यांना प्रकाशाचा झोत हवा होता, भूत वर जातं, मोक्ष मिळतो, सगळे हात जोडतात. आत्या अडून बसली. "मोक्ष दिला की घरचे मोकळे. मग कोण आठवण काढतंय? तिला वर्षातून एकदा जेवायला बोलवा, पुष्कळ झालं." सेल्वम तिच्या बाजूनं उभा राहिला. घरातली सून तिच्या नावाचं पान वाढते, ती येऊन जेवते, हात धुते आणि परत जाते. पुढच्या वर्षी पुन्हा येण्यासाठी. तिथे संपलं. पहिल्या पर्वाच्या शेवटी मी टाळ्या वाजवल्या होत्या. या वेळी आत्यानं हळूच नाक पुसलं आणि मी पाहिलं नाही असं दाखवलं.

ती गेल्यावर माझा धाकटा भाऊ प्रताप कॅनडाहून आला. तेरा दिवस त्यानं सगळं नीट केलं, त्याला नावं ठेवायला जागा नाही. निघताना म्हणाला, "अक्का, महिन्याचं मी वाध्यारांना सांगून ठेवलंय. मठात करतील, मी व्हिडिओवर असेन. तू दमू नकोस." वाध्यार म्हणजे आमचे उपाध्याय. मागच्या गुरुवारी महिन्याची तिथी होती. अर्धी रजा टाकून मी मठात गेले. फोन एका पेल्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात प्रताप, अंगात जाकीट, मागे खिडकीत बर्फ. संकल्पाच्या मध्येच चित्र गोठलं, त्याचं तोंड उघडं ते उघडंच. वाध्यार थांबले नाहीत. पंचवीस मिनिटांत आटोपलं. मी विचारलं, "आणि पान?" ते म्हणाले, "तांदूळ, भाजी, दक्षिणा दिली ना, पोचलं. शास्त्राप्रमाणे अस्क झालं." झालंच असेल. मी घरी येऊन तशीच आडवी झाले. फ्रीजमध्ये आदल्या दिवशीचा दहीभात होता. उठायचं जिवावर आलं होतं...

तरी उठले. कोपऱ्यावरून केळीचं पान आणलं, वांगी आणली. रसवांगी केली, जी आत्यानं मला कधी करू दिली नव्हती, कारण मी खोबरं जाड वाटते. डांगर पचडी, म्हणजे उडदाचं पीठ दह्यात कालवून करतात ती, केली, भात लावला. पानाचं तोंड कुठल्या दिशेला करायचं ते वाध्यारांनी सांगितलं होतं, पण आत्या कधीच त्या दिशेला बसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसायची. तिथून जेवता जेवता शेगडी दिसायची आणि माझी चूक पकडता यायची. पान तिथेच मांडलं. वाढलं. "आत्या, मी वाढलंय. मीच वाढीन," असं म्हटलं, हातवारे केले नाहीत. मग समोर बसले, माझ्या ताटात भात घेतला आणि रसवांगीचा पहिला घास घेतला. खोबरं जाडच राहिलं होतं. शेगडीवर उरलेली रसवांगी रटरटत होती, कडेनं लागायला आली असावी. मागं वळून न बघता मी हात लांब केला आणि गॅस बारीक केला.